बोटभर बाहेर

माझे सासरे टेनिस खेळायचे, हे लग्न ठरताना मध्यस्थांनी दोनदा सांगितलं. ‘हौशी खेळाडू’ असा शब्द त्यांनी वापरला आणि माझ्या वडिलांना तो भारदस्त वाटला. हौशी म्हणजे काय ते मला सासरी गेल्यावर कळलं. हौस एकाची असते आणि ती बाकीच्या घराला पुरवावी लागते.

मामंजी दक्षिण महाराष्ट्रातल्या एका लहानशा संस्थानात वाढले. त्यांचे वडील तिथे दप्तरात कारकून होते. राजवाड्याच्या मागे शेणाने सारवलेलं टेनिसचं कोर्ट होतं, राजेसाहेबांना खेळायला कोणीतरी लागायचं, आणि कारकुनाच्या या मुलाचा हात त्यांच्या नजरेत भरला. तेव्हापासून संस्थान विलीन होईपर्यंत मामंजी खेळतच राहिले. खेळण्याबद्दल पगार घेतला की माणूस हौशी राहत नाही, असा त्या काळच्या टेनिसचा नियम. म्हणून राजेसाहेबांनी त्यांना शिकारखान्यावर अधिकारी नेमलं. मामंजींनी जन्मात बंदूक हातात धरली नव्हती, आणि भिंतीवरच्या वाघाच्या कातड्यालाही ते जरा वळसा घालून जायचे, असं सासूबाई सांगायच्या.

त्यांचं खरं काम वेगळंच होतं. राजेसाहेबांकडून हरायचं, हे ते काम. तेही पाहुण्यांसमोर, सामना रंगवून, कोणाला शंका येणार नाही अशा बेताने. या कामाची त्यांना लाज नव्हती, उलट अभिमान होता. माझ्या लग्नानंतर महिन्याभरातच जेवायला बसल्यावर त्यांनी मला ही विद्या समजावून दिली. जिंकायला नुसता जोर पुरतो, म्हणाले, हरायला नजर लागते. चेंडू रेषेच्या बाहेर पडायला हवा, पण बोटभरच. दोन बोटं बाहेर गेला की राजालाही कळतं. मी आमटी वाढत होते. मान डोलावली आणि मनात म्हटलं, कुठल्या घरात येऊन पडलो आपण.

मामंजी बाहेरही खेळले. पुण्याला, मुंबईला, उन्हाळ्यात महाबळेश्वरला. तिथले राजे वेगळे, पण तिथेही ते कुठे जिंकले नाहीत, आणि प्रत्येक हरण्याला घरात एक कारण तयार असायचं. एकदा राजेसाहेबांना एकाएकी परत जायचं होतं. एकदा समोर कलेक्टरसाहेब होते. एकदा राजेसाहेबांच्या मेहुण्यांचा मान ठेवायचा होता. ही कारणं सासूबाईंना तोंडपाठ होती. मामंजी एखादं विसरले तर त्या स्वयंपाकघरातून आठवण करून द्यायच्या. सगळ्या हिंदुस्थानात त्यांच्या तोडीचा कोणी नव्हता, फक्त त्यांना जिंकता येत नव्हतं, यावर त्या बाईंनी जन्म काढला. संस्थान गेलं, शिकारखाना गेला, पुण्यात दोन खोल्यांत येऊन राहायची पाळी आली, तेव्हा सासूबाईंनी मशीन घेऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांचे कपडे शिवले आणि मुलं वाढवली. मामंजी संध्याकाळी पांढरी पँट घालून एका क्लबाच्या व्हरांड्यात बसायला जायचे. त्या पँटला इस्त्रीही सासूबाईच करायच्या.

सगळ्या कारणांत मोठं कारण जर्मनीतलं होतं. पहिल्या महायुद्धानंतर काही वर्षांनी राजेसाहेब संधिवातावर उपाय म्हणून जर्मनीतल्या एका झऱ्याच्या गावी गेले, तिथलं पाणी प्यायला आणि त्यात बसायला. मामंजी अर्थातच बरोबर. तिथे औषधपाण्याला आलेल्या बड्या लोकांसाठी टेनिसची स्पर्धा असायची. दोघांनी नावं दिली आणि दोघंही शेवटपर्यंत पोहोचले. म्हणजे अंतिम सामना राजा विरुद्ध शिकारखान्याचा अधिकारी. लाल कोर्ट, टोप्या घातलेल्या बायका, बँड. मामंजी हरले. राजेसाहेबांना चांदीचा पेला मिळाला. रात्री त्यांनी मामंजींच्या पाठीवर हात ठेवला, तो हात मामंजींनी पुढे चाळीस वर्षं जपला. “मनात आणलं असतं तर एक गेमसुद्धा दिला नसता,” हे वाक्य त्या गोष्टीच्या शेवटी यायचंच. मला ती गोष्ट ऐकून राग यायचा. कशाचा, ते नीट सांगता यायचं नाही.

यथावकाश आम्हीच जर्मनीत आलो. हे आखनला डॉक्टरेट करत होते, मी मागाहून गेले. तिथे आमची घरमालकीण फोडणीचा वास आला की जिन्यात येऊन उभी राहायची, एवढं सोडलं तर दिवस बरे होते. पुढे यांना ड्युसेलडॉर्फमध्ये यंत्रांच्या एका कंपनीत नोकरी लागली आणि आम्हाला स्वतःचं स्वयंपाकघर मिळालं. नोकरीत यांची प्रगती चांगली होती. यांचा शेफ, म्हणजे साहेब, काहीही म्हणाला की हे ‘गेनाऊ’ म्हणायचे. अगदी बरोबर, असा त्याचा अर्थ. घरीसुद्धा फोनवर दहा वेळा गेनाऊ ऐकू यायचं. मी एकदा म्हटलं, तुम्ही तर मामंजींसारखेच खेळता. दोन दिवस बोलले नाहीत.

सासूबाई गेल्या आणि वर्षभराने मामंजी आमच्याकडे आले. साल त्रेसष्ट. जहाजाने जिनोव्हापर्यंत, तिथून आगगाडीने. साठी कधीच उलटली होती, पण ताठ होते. सामानात लाकडी चौकटीत स्क्रूने आवळलेली रॅकेट होती. मी थट्टेने विचारलं, आता कोणाकडून हरायला आणलीत? ते हसले नाहीत. म्हणाले, “सूनबाई, एकदा जिंकायला आणलीय.”

मग त्यांनी सांगितलं. सासूबाई शेवटी दवाखान्यात असताना एका दुपारी त्यांनी विचारलं होतं, अहो, तुम्ही खरंच मनात आणलं असतं तर जिंकला असतात ना? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं. मामंजी म्हणाले, म्हणजे काय, हे काय विचारणं झालं? पण बाईंनी विचारलं हे त्यांना लागलं होतं. तिला दाखवायचं राहून गेलं, म्हणाले. एक सेट. लाल कोर्टावर, इथल्याच माणसाशी, मान कोणाचा ठेवायचा नाही असा एक सेट खेळायचा आणि परत जायचं. त्या दिवसापासून मामंजींची थट्टा करणं मी सोडून दिलं.

यांच्या शेफला टेनिसचं वेड होतं. शहराबाहेर त्याचा फेरआइन, म्हणजे क्लब होता. माणूस पंचावन्नच्या पुढचा, युद्धात एक पाय जायबंदी झालेला, चालताना तो जरा ओढायचा. यांचे वडील हिंदुस्थानातले खेळाडू आहेत असं कानावर गेलं तेव्हा त्याने आपण होऊन आमंत्रण दिलं, शनिवारी दुपारी, आधी एक सेट आणि मग कॉफी आणि केक. मामंजींना मी आनंदाने सांगितलं. पाय ओढणाऱ्या माणसाला हरवण्यात काय मोठेपणा, अशी एक शंका त्यांनी काढली. मी म्हटलं, तुम्ही काय तरुण आहात?

पण त्याच आठवड्यात कंपनीत एक नवा विभाग निघत होता आणि त्याचा प्रमुख शेफच ठरवणार होता. शुक्रवारी जेवणं झाल्यावर यांनी खुर्ची पुढे ओढली आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्यावर विषय काढला. शेफ खेळाच्या बाबतीत फार हळवा आहे. हरला की सोमवारपर्यंत कोणाशी धड बोलत नाही. मी समोरच भांडी आवरत होते. माझ्या हातातली पळी मी इतक्या जोराने ठेवली की हे थांबले. तरी पुढे बोललेच.

“बाबा, एकदाच. माझ्यासाठी.”

मामंजींनी चष्मा काढून पुसला. मग शिंप्याने माप विचारावं तसं शांतपणे विचारलं, “किती फरकाने?”

हे म्हणाले, थोडक्यात. सामना अटीतटीचा वाटला पाहिजे. बाप-लेकांचं दोन मिनिटांत ठरलं. सासूबाईंनी हयातभर शिलाई मारली ती याच्यासाठी, असं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं. मी आत निघून गेले.

सकाळी हे केक आणायला बाहेर पडले तेव्हा मामंजी स्वयंपाकघरात आले. दाढी करून, फ्लॅनेलची पांढरी पँट घालून. “मी हरणार नाही आज,” म्हणाले. “राजेसाहेबांचं अन्न खाल्लं होतं. या साहेबाचं काय खाल्लंय?” मुलाला काय सांगाल, मी विचारलं. सांगेन की हात वळला नाही, म्हणाले. मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना वाकून नमस्कार केला, आणि ‘जिंका’ असं म्हटलं. यांच्या बढतीचं काय होईल हा विचार मनात आला नाही असं नाही. आला, आणि मी तो बाजूला ठेवला.

क्लबात सगळे आखूड चड्ड्यांत होते, मामंजी एकटेच लांब पँटमध्ये. शेफने त्यांचं फार अदबीने स्वागत केलं. मी आणि शेफची बायको छत्रीखाली बसलो, हे नेटच्या टोकाशी उभे राहिले, दोन्ही बाजूंना टाळ्या वाजवायला बरं.

आणि मामंजी खेळायला लागले. मी त्यांना त्याआधी कधी खेळताना पाहिलंच नव्हतं, फक्त ऐकलं होतं. जोर नव्हता, पण चेंडू नेट ओलांडून असा मऊ पडायचा की शेफ पाय ओढत पोहोचेपर्यंत तो दुसऱ्यांदा टप्पा घ्यायचा. मला खेळातलं कळत नाही, पण घाई नसलेला माणूस मला ओळखता येतो. एक गेम, दोन गेम, मामंजी पाच-दोन असे पुढे गेले. यांचा चेहरा उतरला होता. हे मधेच मामंजींकडे पाहून भुवया उडवत होते. मामंजी पाहतच नव्हते.

तेवढ्यात शेफच्या बायकोने माझ्या हातावर हात ठेवला आणि हळूच सांगितलं की अभिनंदन करायला हरकत नाही. विभाग यांनाच मिळाला आहे. तिच्या नवऱ्याने बुधवारीच सही केली, सोमवारी जाहीर करणार, तोवर आपण बायकांनी गप्प बसायचं. मी ‘डांके’ म्हणून आभार मानले. मला वाटलं उठावं आणि कोर्टावर जाऊन मोठ्याने मराठीत ओरडून सांगावं. पण तशी गरजही नव्हती. मामंजी जिंकतच होते.

सेट संपवायला त्यांना एक गुण हवा होता. शेफने परतवलेला चेंडू अगदी सोपा, कमरेच्या उंचीवर आला, आणि शेफ भलत्याच कोपऱ्यात होता. अर्धं कोर्ट रिकामं. मामंजींनी मारला. शेफ वाकला आणि म्हणाला, “आउस.” म्हणजे बाहेर.

लाल कोर्ट विटांच्या बारीक चुऱ्याचं असतं, त्यावर चेंडूचा ठसा उमटतो. तिथली रीत अशी की शंका असेल तर समोरच्याने यावं आणि ठसा पाहावा. शेफने रॅकेटच्या टोकाने ठशाभोवती गोल काढला आणि मामंजींना हाताने बोलावलं. शेणाच्या कोर्टावर असा ठसा कधी उरत नसे. मामंजी नेटला वळसा घालून गेले, वाकले, बघत राहिले. मग परत आले. त्यानंतर त्यांना आणखी दोनदा तशीच संधी आली. दोन्ही वेळा चेंडू बाहेर. दुसऱ्या वेळीही ते ठसा पाहायला गेले. तिसऱ्या वेळी शेफने बोलावलं तरी गेले नाहीत. पाच-दोनचे पाच-पाच झाले, आणि सेट शेफने सात-पाच असा जिंकला.

हे टाळ्या वाजवत आत धावले. आधी शेफचा हात हातात घेतला, मग मामंजींचा. खेळ झाल्यावर खेळणाऱ्यांनीच कोर्ट सारखं करायचं असतं, तिथे त्याला गडी नसतो. शेफ एक जाड जाळी दोरीला धरून कोर्टभर ओढत फिरला आणि सगळे ठसे पुसले गेले. मामंजी तोवर रेषेशी उभे होते. मी त्यांच्याजवळ गेले. मला भयंकर राग आला होता. शेवटी मुलापुढे वाकलेच, असं मी धरून चालले होते. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि मी नुसता टॉवेल पुढे केला.

परतताना गाडीत हे गाणं गुणगुणत होते. बाबा, कमाल केलीत, असं तीनदा म्हणाले. पाच-दोनला माझा जीव खालीवर झाला होता, पण ती खरी कलाकारी, म्हणाले, कोणाला संशयसुद्धा आला नाही. मी बायकांमधलं बोलणं सांगून टाकलं. सही बुधवारीच झाली होती, कोणी हरायची गरजच नव्हती. यांनी ते उडवून लावलं. बायका काहीतरी बोलतात, अशी सही कोणी आधी करत नाही. मागच्या सीटवर मामंजी खिडकीतून बाहेर पाहत होते. त्यांनी ऐकलं की नाही ते मला कळलं नाही.

संध्याकाळी हे शेजाऱ्यांकडे सामन्याची बातमी सांगायला गेले. मामंजी स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसले. मी चहा ठेवला. चहाला उकळी येत होती तेव्हा त्यांनी स्वतःच तोंड उघडलं.

“सूनबाई, मी जिंकायला खेळत होतो.”

मी गॅस बंद केला. ते सांगत होते, मी ऐकत होते. तिन्ही चेंडू आत मारले होते, म्हणाले. मनाने आत, हाताने आत. पडले बाहेर. जाऊन पाहिलं तर बोटभर. म्हणजे हाताला आता दुसरं काही येतच नाही. पुढचं म्हणताना ते माझ्याकडे न पाहता ओट्याकडे पाहत होते.

“आता मला त्या झऱ्याच्या गावच्या सामन्याचीही खात्री नाही. मी सोडला, की हातून गेला.”

मी म्हटलं, वय झालंय मामंजी, हात थरथरतो, तेव्हाची गोष्ट निराळी होती. ते म्हणाले, कदाचित. पुण्याची, मुंबईची, महाबळेश्वरची, सगळी कारणं त्यांनी मनातल्या मनात तपासून पाहिली असावीत. कलेक्टरसाहेब बरे खेळायचे, असं ते मधेच म्हणाले. मला सासूबाई दिसत होत्या, मशीनवर वाकलेल्या. ती बाई कशासाठी वाकली होती याचं उत्तर आता कोणाकडेच नव्हतं. मला रडू आलं आणि रागही आला, आणि तो राग कोणावर काढावा ते कळेना, कारण समोर बसलेल्या माणसात आता राग झेलायला काही शिल्लक नव्हतं.

मी म्हटलं, यांना खरं काय ते सांगते. फुकटची शाबासकी देत सुटलेत. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

“त्याला सांगू नकोस. मुद्दाम हरलो असंच समजू दे. मला आयुष्यात तेवढंच येत होतं.”

सोमवारी यांना विभाग मिळाला. त्याच्या पुढच्या रविवारी आखनहून पुण्या-मुंबईची पाच-सहा मुलं जेवायला आली, तिथे शिकणारी, महिन्यातून एकदा वरणभाताला यायची तशी. मी श्रीखंड केलं होतं. जेवताना यांनी त्यांना सामन्याची गोष्ट सांगितली, रंगवून, शेफच्या पायाची नक्कल करून. वडिलांनी मुलासाठी जिंकलेला सेट कसा सोडला, तोही कसा बेमालूम. मुलांचे डोळे मोठे झाले. मी वाढता वाढता भिंतीकडे तोंड केलं.

त्यातल्या एका मुलाला शंका आली. इंजिनिअर होता, मोजमापाचा माणूस. तो तिथल्या सवयीने म्हणाला, “आल्झो, तर मग आजोबा, खरं सांगा हं. तीन-तीन पॉइंट, आणि तिन्ही मुद्दाम?”

सगळे मामंजींकडे पाहायला लागले. मीसुद्धा. त्यांनी तोंडातला घास सावकाश संपवला, पाण्याचा घोट घेतला.

“मुद्दाम. नाहीतर त्या लंगड्याची काय बिशाद होती?”

मुलांनी ताटाशीच टाळ्या वाजवल्या. हे सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसत होते. मामंजीही हसले, आणि श्रीखंड आणखी वाढ म्हणून त्यांनी वाटी पुढे केली. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.